ब्रेकच्या नळीचा इतिहास : कातडी चकतीपासून पोलादी विणीपर्यंत

मोटारीचा इतिहास लिहिताना इंजिनाची शक्ती, गाडीचा वेग आणि सांगाड्याची घडण यांना जेवढे स्थान मिळाले, तेवढे गाडी थांबवणाऱ्या यंत्रणेला मिळाले नाही, आणि त्या यंत्रणेतही चालकाच्या पायाचा दाब पेडलपासून चाकापर्यंत पोहोचवणारी नळी तर जवळजवळ अनुल्लेखितच राहिली. वास्तविक ब्रेकचे बाकीचे सर्व भाग कितीही भक्कम असले, तरी ही नळी फुटली, फुगली किंवा तुंबली की त्या भक्कमपणाचा काही उपयोग उरत नाही. गेल्या काही दशकांत रबरी होज काढून तिच्या जागी, म्हणजे ब्रेकच्या लवचीक नळीच्या जागी, स्टेनलेस स्टीलच्या तारांची वीण असलेली होज बसवण्याची पद्धत शर्यतींच्या मैदानातून सामान्य मोटारींपर्यंत आली आहे, आणि तिच्याकडे बहुधा वेगाच्या हौसेचे चिन्ह म्हणून पाहिले जाते. तिचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. पोलादी विणीची ताकद फार लवकर सिद्ध झाली, परंतु त्या विणीची दोन टोके रोजच्या रस्त्यावर विश्वासार्ह ठरावीत यासाठी अभियंत्यांना आणि नियामकांना दीर्घकाळ झटावे लागले, आणि या नळीचे खरे मोल त्या परिश्रमांत आहे.

आरंभीच्या मोटारींचे ब्रेक घोडागाडीच्या परंपरेतून आलेले होते. एखादा ठोकळा चाकावर किंवा चाकाला जोडलेल्या फिरत्या भागावर दाबायचा आणि घर्षणाने गाडी थांबवायची, एवढेच त्यांचे तत्त्व होते. कार्ल बेन्झ यांच्या पत्नी बेर्था बेन्झ यांनी १८८८ मध्ये मानहाइमहून फोर्त्सहाइम या आपल्या माहेरच्या गावापर्यंत मोटार चालवत नेली, तेव्हा उतारावर झिजलेल्या ब्रेकच्या ठोकळ्यांवर त्यांनी वाटेत चर्मकाराकडून कातडे ठोकून घेतले, आणि ब्रेकला अस्तर लावण्याच्या प्रथेचा आरंभ अनेकदा या घटनेपासून मानला जातो. १९०२ मध्ये लुई रेनो यांनी ड्रम ब्रेक पुढे आणला, ज्यात चाकाबरोबर फिरणाऱ्या गोल डब्याच्या आतल्या भिंतीवर चंद्रकोरीच्या आकाराचे शू दाबले जातात. परंतु या शूंपर्यंत पायाचा जोर नेण्याचे काम लोखंडी सळ्या आणि तारा करीत, आणि तेथेच मोठी अडचण होती. चार चाकांच्या चार सळ्या सारख्याच ताणल्या जाणे दुरापास्त होते, एक चाक आधी धरले की गाडी त्या बाजूला ओढली जाई, आणि वळणाऱ्या व वरखाली होणाऱ्या पुढच्या चाकांपर्यंत सळी नेणे तर इतके किचकट होते की पुष्कळ मोटारींना केवळ मागच्याच चाकांना ब्रेक असत.

या अडचणीवरचा उपाय सतराव्या शतकातील एका सिद्धान्तात होता. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दाब दिला तर तो सर्व दिशांना सारखाच पसरतो, हे फ्रेंच विचारवंत ब्लेझ पास्कल यांनी मांडले होते, आणि १७९५ मध्ये जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराने त्याच आधारावर द्रवदाबाच्या यंत्राचे पेटंट घेतले होते. मोटारीच्या ब्रेकसाठी या तत्त्वाचा व्यवहारात उतरेल असा उपयोग अमेरिकेत माल्कम लॉकहीड यांनी केला. विमाननिर्मितीत ज्यांचे नाव पुढे गाजले त्या ॲलन लॉकहीड यांचे ते बंधू होत. त्यांच्या रचनेत पेडल दाबल्यावर मास्टर सिलिंडरमधला, म्हणजे मुख्य नळकांड्यातला, दट्ट्या द्रवाला पुढे लोटतो, तो दाब नळ्यांतून प्रत्येक चाकाजवळच्या छोट्या सिलिंडरपर्यंत पोहोचतो आणि तेथील दट्टे शूंना ड्रमवर दाबतात. द्रवाचा दाब सर्वत्र सारखा असल्याने चारही चाकांत समतोल साधण्याचा जुना प्रश्न मुळातूनच सुटला.

१९२१ हे वर्ष या इतिहासात निर्णायक ठरले. त्या वर्षी ड्यूसेनबर्ग कंपनीची मॉडेल ए ही चारही चाकांना द्रवदाबाचे ब्रेक असलेली मोटार बाजारात आली, आणि त्याच उन्हाळ्यात ल मां येथे झालेल्या फ्रेंच ग्रां प्री शर्यतीत जिमी मर्फी यांनी तशाच ब्रेकची ड्यूसेनबर्ग चालवून विजय मिळवला. मात्र दाब वाहणारा द्रव वळणाऱ्या चाकापर्यंत न्यायचा कसा, हा प्रश्न समाधानकारक सुटला नव्हता. ड्यूसेनबर्गने तो आसातून आणि चाक ज्या खिळ्याभोवती वळते त्या किंगपिनमधून नेण्याचा मार्ग स्वीकारला होता, पण फिरत्या सांध्यांतून द्रव गळू न देणे फार कठीण होते. १९२४ मध्ये वॉल्टर क्रायस्लर यांच्या नव्या मोटारीत लॉकहीडची पद्धत सुधारून वापरली गेली, तेव्हा दट्ट्यांवरच्या गळणाऱ्या कातडी चकत्यांच्या जागी रबरी कप आले, आणि सांगाड्यापासून चाकापर्यंतच्या हलत्या अंतरासाठी लवचीक होज हा उपाय रूढ झाला. येथपासून मोटारीच्या सुरक्षिततेचा एक मोठा भाग काही इंच रबराच्या स्वाधीन झाला.

या रबरावर विश्वास ठेवायला सगळेच तयार नव्हते. फोर्ड कंपनीने १९३८ पर्यंत सळ्या आणि तारांचेच ब्रेक ठेवले, आणि पेडलपासून चाकापर्यंत सर्वत्र पोलाद आहे, ही गोष्ट ती जाहिरातींत अभिमानाने मांडत असे. १९३९ च्या मोटारींत मात्र तिलाही द्रवदाब स्वीकारावा लागला. या विरोधामागे निव्वळ हट्ट नव्हता. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयर यांनी गंधकाबरोबर तापवून रबर टिकाऊ करण्याची, म्हणजे व्हल्कनायझेशनची, रीत शोधली असली, तरी नैसर्गिक रबर खनिज तेलाने फुगून मऊ पडते, आणि म्हणून सुरुवातीच्या काळात ब्रेकसाठी एरंडेल आणि अल्कोहोल यांचे मिश्रण वापरावे लागे. एका पदार्थाची निवड दुसऱ्याच्या दुर्बलतेवर अवलंबून असण्याचा हा नियम ब्रेकच्या नळीच्या इतिहासात पुढेही वारंवार दिसतो.

पुढील काही दशकांत या यंत्रणेला जे रूप आले, ते मोटारींत आजही टिकून आहे. सांगाड्याला घट्ट बसवलेला नळीचा बराचसा भाग पोलादाचा, बहुधा तांब्याने सांधलेल्या दुपदरी पत्र्याचा असतो, आणि केवळ हलत्या चाकाजवळचा अखेरचा तुकडा लवचीक असतो. हा तुकडा दिसायला एकजिनसी वाटला, तरी त्यात आत द्रव वाहून नेणारे रबराचे अस्तर, त्यावर दाब पेलणारे धाग्यांच्या विणीचे थर आणि बाहेर ऊन, चिखल व घर्षण सोसणारे आवरण अशी रचना असते. म्हणजेच विणीची कल्पना रबरी होजमध्येही होतीच. ती वीण रेयॉनसारख्या धाग्याची होती, एवढाच फरक होता. धागा दाबाखाली थोडा ताणतो, आणि त्यामुळे होज किंचित फुगते. हे फुगणे अगदी अल्प असले, तरी द्रवाचे जेवढे घनमान नळीच्या फुगण्यात खर्च होते, तेवढे चाकापर्यंत पोहोचत नाही आणि पेडल अधिक खोल जाते.

ड्रम ब्रेकच्या काळात या उणिवेची फारशी जाणीव झाली नाही, कारण फिरता ड्रम शूला आपल्याबरोबर ओढून घेतो आणि दाब काही अंशी आपोआप वाढवतो. डिस्क ब्रेकने ही सवलत काढून घेतली. चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीला कॅलिपरमधले, म्हणजे चिमट्यामधले, पॅड दोन्ही बाजूंनी धरतात, तेव्हा ओढून घेण्याची क्रिया घडत नाही, आणि सगळा जोर द्रवाच्या दाबानेच पुरवावा लागतो. १९५३ मध्ये ल मांच्या २४ तासांच्या शर्यतीत टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांनी डनलॉपचे डिस्क ब्रेक लावलेली जॅग्वार सी-टाइप चालवून विजय मिळवला, आणि १९५५ मध्ये सित्रोएन डीएसच्या पुढच्या चाकांना डिस्क मिळाल्यावर हे तंत्र सामान्य वापराच्या मोटारींकडे वळले. दाब वाढला, पॅडजवळची उष्णता वाढली, आणि आतापर्यंत दुर्लक्षित राहिलेली रबरी होज अचानक संपूर्ण साखळीतला सर्वांत मऊ दुवा ठरली.

तिला पर्याय ठरलेली वस्तू मोटारींसाठी शोधली गेली नव्हती. तीन वेगवेगळ्या व्यवसायांतील शोध तिच्यात एकत्र आले. बेर्था बेन्झ ज्या गावी गेल्या ते फोर्त्सहाइम दागिने घडवणाऱ्यांचे गाव होते, आणि तेथील हाइन्रिख विट्झेनमान या कारागिराने १८८५ मध्ये एझेन लव्हाव्हासर या फ्रेंच अभियंत्यासह, लवचीक हाराच्या घडणीवरून सुचलेली पहिली धातूची लवचीक नळी तयार केली. दुसरा शोध स्टेनलेस स्टीलचा. १९१२ च्या सुमारास जर्मनीत क्रुप कंपनीच्या प्रयोगशाळेत आणि १९१३ मध्ये इंग्लंडातील शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांच्याकडून न गंजणारी पोलादे सिद्ध झाली, आणि त्यांतील सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असलेला प्रकार बारीक तार ओढण्यास योग्य ठरला. तिसरा शोध योगायोगाचा होता. ६ एप्रिल १९३८ रोजी ड्यूपाँ कंपनीच्या न्यू जर्सीतील प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट यांना शीतकारकांच्या संशोधनासाठी वापरल्या जाणाऱ्या वायूच्या एका टाकीत वायूऐवजी पांढरी, मेणचट भुकटी आढळली. पॉलिटेट्राफ्लुओरोइथिलीन, संक्षेपाने पीटीएफई, असे तिचे रासायनिक नाव असून टेफ्लॉन या व्यापारी नावाने ती पुढे जगाला माहीत झाली. या पदार्थावर जवळजवळ कोणत्याही रसायनाचा परिणाम होत नाही, तो सुमारे २६० अंश सेल्सियसपर्यंत सतत वापरता येतो, आणि ओलावा त्यातून फारसा झिरपत नाही.

या तिन्ही धाग्यांना एकत्र आणले ते विमानांनी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंधन, तेल आणि द्रवदाब यांच्या होज रणभूमीवरही बदलता याव्यात म्हणून पुन्हा वापरता येणाऱ्या जोडांची गरज भासली, आणि १९४० मध्ये मिशिगनमधील जॅक्सन येथे स्थापन झालेली एरोक्विप ही कंपनी त्या उद्योगातील अग्रणी बनली. अमेरिकेच्या भूसेनेने आणि नौसेनेने ठरवलेल्या जोडांच्या मापांना एएन हे नाव मिळाले. त्यात जोडाचे निमुळते तोंड ३७ अंशांचे असते आणि क्रमांक इंचाच्या सोळाव्या भागांत मोजला जातो, म्हणून ब्रेकसाठी सर्रास वापरला जाणारा ३ क्रमांकाचा जोड तीन-सोळांश इंची नळीचा असतो. मोटारींतील अनेक जोडांचे तोंड ४५ अंशांचे असल्याने ही दोन मापे एकमेकांत बसवली, तर जोड घट्ट वाटूनही दाबाखाली गळतो. जेट विमानांच्या युगात उष्णता आणि दाब आणखी वाढले, तेव्हा रबरी अस्तराची जागा पीटीएफईने घेतली, आणि आजच्या ब्रेडेड, म्हणजे विणीच्या, ब्रेक होजचे मूळ रूप सिद्ध झाले.

अशी होज घडवणे हे नाजूक काम आहे. पीटीएफई वितळवून साच्यातून काढता येत नाही, म्हणून त्याची भुकटी वंगणात कालवून लगद्यासारखी दाबून नळी काढतात, वंगण उडवून टाकतात आणि मग नळी भट्टीत पक्की करतात. त्यानंतर विणण्याच्या यंत्रात तारांच्या अनेक फिरक्या नळीभोवती दोन विरुद्ध दिशांनी, एकदा आतून आणि एकदा बाहेरून, अशा फिरतात, की गोव्यात आणि कोकणात शिमग्याला गोफ नाचणारे दोऱ्या धरून एकमेकांना ओलांडत वेणी घालतात, त्या चालीचीच आठवण व्हावी. या विणीचा कोन महत्त्वाचा असतो. नळीच्या अक्षाशी तारा सुमारे ५४.७ अंशांचा कोन करीत असतील, तर दाबाने होज लांबतही नाही आणि आखूडही होत नाही. कोन त्याहून कमी असेल तर ती आखडून फुगू पाहते, आणि जास्त असेल तर लांब होऊ पाहते. पोलादी तार धाग्याच्या मानाने फारच कमी ताणते, त्यामुळे दाबाखाली नळीचा व्यास जवळपास स्थिर राहतो.

युद्धानंतर विमानांचे शिल्लक सामान स्वस्तात विकले गेले, आणि कॅलिफोर्नियातील शर्यतीच्या गाड्या बांधणाऱ्या कारखान्यांतून ते मोटारींत शिरले. १९६० आणि १९७० च्या दशकांत शर्यतीच्या गाड्यांत विणीची होज रूढ झाली; चालकाला पेडल टणक लागे, ब्रेकचा जोर पायाने बारकाईने कमीजास्त करता येई, आणि उडणारे खडे व तापलेले भाग यांपासून नळीचे संरक्षण होई. शर्यतीची गाडी मात्र प्रत्येक शर्यतीनंतर तपासली जाते, तिचे भाग ठरावीक काळाने बदलले जातात, आणि तिचे आयुष्य तासांत मोजले जाते. सामान्य मोटारीतली होज वर्षानुवर्षे कोणी न पाहता खड्ड्यांतून, चिखलातून आणि लाखो वळणांतून जाते, आणि या दोन जीवनमानांतला फरक लवकरच समोर आला.

होज वळते तेव्हा वाकण्याचा सर्व ताण ती धातूच्या जोडात जेथे शिरते त्या जागी एकवटतो. रबरी होज तेथे हळूहळू वाकते, पण पोलादी वीण ताठ असल्याने तिच्या तारा त्या एकाच रेषेत वारंवार वाकून तुटतात आणि आतल्या पीटीएफईला चीर पडते. अमेरिकेत १९६६ च्या वाहन सुरक्षा कायद्यानंतर जी केंद्रीय मानके आली, त्यांतील १०६ क्रमांकाचे मानक ब्रेकच्या होजसाठी आहे, आणि त्यातील एका चाचणीत होज दाबाखाली ठेवून, तिचे एक टोक गरागरा फिरवत सलग ३५ तास हेलकावे द्यावे लागतात. त्या काळात ती फुटता कामा नये. शिवाय ती दोन मिनिटे सुमारे २७५ बार दाब सोसून उरली पाहिजे, आणि ३ मिलिमीटर किंवा त्याहून लहान छिद्राची होज त्यानंतर सुमारे ४८० बारच्या आत फुटता कामा नये. जोराने ब्रेक लावल्यावरही प्रत्यक्षात येणारा दाब याच्या बराच खाली असतो. दाबाची चाचणी विणीच्या होजला सोपी गेली, परंतु हेलकाव्यांची चाचणी सुरुवातीच्या अनेक होजना पार करता आली नाही, आणि त्यामुळे त्यांची विक्री केवळ शर्यतीसाठी म्हणून होत राहिली.

यावरचा उपाय वीण आणखी जाड करण्यात नव्हता. उत्पादकांनी जोडाजवळ आधार देणारी नळकांडी बसवून वाकण्याचा ताण लांब अंतरावर पसरवला, हाताने पिळून बसवायच्या जोडांऐवजी कारखान्यात यंत्राने दाबून पक्के केलेले जोड वापरले, आणि विणीवर पारदर्शक प्लास्टिकचे आवरण चढवले. या आवरणाला शोभेपलीकडचे कारण आहे. विणीच्या फटींतून शिरलेली वाळू आणि धूळ तारांच्या हालचालीबरोबर आतल्या अस्तरावर कानशीसारखी चालते, आणि उघडी वीण शेजारच्या रंगाला, रबराला व तारांनाही घासून काढते. अशा सुधारणांनंतर विणीच्या होज रस्त्यावरच्या मानकांत बसू लागल्या. अमेरिकी मानकानुसार होजवर कमी फुगणारी असल्यास एचएल आणि नेहमीची असल्यास एचआर अशी खूण छापलेली असते, आणि कमी फुगणाऱ्या होजला मुभा असलेले फुगणे नेहमीच्या होजच्या जवळपास निम्मे असते.

भारतातील, आणि विशेषतः महाराष्ट्रातील, वाहनव्यवसायात ही नळी मोटारीपेक्षा मोटरसायकलच्या वाटेने अधिक आली, आणि त्यामागे तांत्रिक कारण आहे. मोटारीत नळीचा फार थोडा भाग लवचीक असतो, त्यामुळे तो बदलल्याने होणारा फरक मर्यादित राहतो. मोटरसायकलच्या हँडलपासून चाकापर्यंतची नळी मात्र जवळजवळ संपूर्ण होजच असते, आणि तेथे फुगणे कमी झाल्याचा परिणाम बोटांना लगेच जाणवतो. पुण्याजवळच्या चाकण येथे बजाज ऑटोच्या कारखान्यात तयार होणाऱ्या आणि २०१२ पासून भारतात विकल्या जाऊ लागलेल्या केटीएम ड्यूक मालिकेमुळे विणीची होज मूळ उत्पादनाचाच भाग म्हणून येथील तरुण ग्राहकांच्या ओळखीची झाली. त्याआधीच्या पिढीने कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातील फियाट आणि पद्मिनी चालवल्या, ज्यांच्या चारही चाकांना ड्रम आणि साध्या रबरी होज होत्या, आणि घाट उतरताना गिअर खाली ठेवून ब्रेकला विसावा देण्याची शिस्त त्या पिढीने अंगी बाणवली होती.

ती शिस्त विणीच्या होजने अनावश्यक ठरत नाही, कारण घाटात ब्रेक निकामी होण्याचे कारण बहुधा नळीत नसून द्रवात असते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट ३ प्रकारच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सियस असावा लागतो, पण त्यात ३.७ टक्के पाणी मिसळल्यावर तोच बिंदू १४० अंशांपर्यंत खाली आला तरी तो मानकात बसतो. कोकणासारख्या दमट हवेत काही पावसाळे काढलेला द्रव लांब उतारावर उकळला, तर त्याची वाफ होते, वाफ दाबाखाली आकसते आणि पेडल थेट तळाला जाते. पीटीएफईचे अस्तर ओलावा आत येण्याची एक वाट बरीचशी बंद करते. द्रव वेळेवर बदलण्याचे काम मात्र तसेच उरते.

या बदलाचे मूल्यमापन करताना आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. विणीच्या होजने ब्रेकची ताकद वाढत नाही. गाडी किती अंतरात थांबेल हे अखेरीस टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षण ठरवते, आणि होज फक्त पायाचा जोर वाटेत वाया जाऊ देत नाही. अनेकदा जो मोठा फरक जाणवल्याचे सांगितले जाते, तो पंधरा-वीस वर्षांची फुगलेली रबरी होज काढून नवी बसवल्याचा आणि यंत्रणेतील हवा नीट काढल्याचा असतो, आणि तेवढ्यापुरता तो नव्या रबरी होजनेही मिळाला असता. जुनी रबरी होज आतून सुजते तेव्हा ती दाब पुढे जाऊ देते पण परत येऊ देत नाही, चाक अडकल्यासारखे तापते, आणि दोष मात्र कॅलिपरवर ढकलला जातो. अशा वेळी होज बदलणे ही हौस नसून आवश्यक दुरुस्ती ठरते. उलट रबरी होजच्या भेगा आणि फुगवटे डोळ्यांना दिसतात, तर विणीखालची चीर शेवटपर्यंत झाकलेली राहते, म्हणून विणीच्या होजची तपासणी अधिक काटेकोर असावी लागते. चाके दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आणि गाडी उचलून चाके लोंबती ठेवून होज कोठे ताणली, पिळली किंवा घासली जाते का ते पाहणे, आणि जोडाच्या बोल्टखालचे तांब्याचे वॉशर दर वेळी नवे घालणे, ही कामे कुशल मेकॅनिक म्हणूनच टाळत नाहीत.

अशा रीतीने ब्रेकच्या नळीच्या इतिहासात प्रत्येक सुधारणेने जुनी दुर्बलता दूर केली आणि नवी दुसरीकडे उभी केली. सळ्यांचा असमतोल द्रवाने घालवला, पण गळती आणली. गळती रबराने थांबवली, पण फुगणे आणले. फुगणे पोलादाने रोखले, पण सगळा ताण टोकांवर लोटला. हा शेवटचा प्रश्न सुटला तो तासन्‌तास हेलकावे देणाऱ्या चाचणीयंत्रासमोर, नियामकांच्या आग्रहाने आणि जोड पक्के करणाऱ्या कारागिरांच्या चिकाटीने. त्यामुळे स्टेनलेस स्टीलच्या विणीची होज निवडणाऱ्याने तिच्या चकाकीकडे पाहण्याआधी तिच्यावर कोणत्या मानकाची खूण छापली आहे आणि तिचे जोड कोठे व कसे बसवले गेले आहेत हे पाहावे, कारण या वस्तूला रस्त्यावर येण्याचा अधिकार ज्या कसोटीने मिळवून दिला, तिची साक्ष त्याच खुणेत आहे.